रिकाम्या कबरीसाठी एक कार्ड

आमच्या गावात घरटी दोन-चार कबरी अंगणातच असतात. आजोबा, आजी, पाळण्यातच गेलेलं एखादं लेकरू. त्यांच्यावर आम्ही बसतो, दुपारी पाठ टेकतो, पोरं पत्ते खेळतात, बायका धुणं वाळत घालतात. तापलेल्या फरशीवर चादर काय झकास वाळते! मेला म्हणून माणूस घरातून उठून जात नाही, एवढंच त्यातलं तात्पर्य. माझा धाकटा भाऊ आउकुसो, त्याच्या अंगणात मात्र एक कबर अशी होती की तिच्या कडेवर कुणी साधा रुमाल टाकत नव्हतं. ती उघडी होती आणि आत कुणी नव्हतं.

प्रशांत महासागरातल्या आमच्या तुतुइला बेटावरचा पाऊस म्हणजे त्याला काळवेळ नाही. कबरीवर पत्रे टाकले होते, पत्र्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड, तरी पाणी आत शिरायचंच. मग सकाळी कॅनरीची, म्हणजे मासे डबाबंद करायच्या कारखान्याची, बस यायच्या आत आउकुसो आत उतरायचा आणि बादलीने पाणी उपसायचा. धुण्याची बादली होती ती, घरातली एकुलती एक धड. त्याची बायको सिनिवा कपड्यांचं गाठोडं घेऊन माझ्याकडे धुवायला यायची. पहिल्यांदा मी विचारलं, "का गं, तुझी बादली फुटली की काय?" तर म्हणाली, "कामात आहे." पुढे मी विचारलं नाही.

गाव म्हणत होतं, बुजवून टाका. उघडी कबर बरी नव्हे, ती दुसरं माणूस मागते. सिनिवाचं उत्तर ठरलेलं. "घर त्याच्यासाठी बांधलंय. तो यायचाय अजून."

तो म्हणजे फेरेती. त्यांचा मुलगा.

पण आउकुसोबद्दल सांगायचं तर त्याच्या लहानपणापासून सांगायला हवं, कारण या सगळ्याचं मूळ एका बिस्किटांच्या डब्यात आहे. आमची एक आत्या कॅलिफोर्नियात राहायची. नाताळच्या खोक्यात ती आउकुसोला फुटबॉलपटूंची कार्डं पाठवायची. फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांना धडकायचा तो, आमच्याकडे दुसरा फुटबॉल कुणी मोजत नाही. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची उंची, वजन, जन्मगाव, आणि सगळ्या कार्डांना च्युइंगमचा गोड वास. आउकुसो ती संघवार, एकेक घर मांडल्यासारखी लावायचा आणि आमच्या बेटांवरचं एखादं नाव सापडलं की ते सगळ्यात वर. कुणी हात लावायला गेलं की ओरडायचा, "आधी हात धू! कडेला धर! मध्ये बोट लावू नकोस!"

आता आमच्याकडे घरातली कुठलीच वस्तू कुणा एकाची नसते. शर्ट ज्याला सापडला त्याचा, चपला ज्याने आधी पाय घातला त्याच्या. चुलत, मावस, आते सगळे मिळून एक घर, आणि 'माझं' म्हणणारं पोर हावरट ठरतं. आउकुसोने जन्मात एकाच वस्तूला 'माझं' म्हटलं, ते त्या डब्याला, आणि त्यापायी आईचा मार पोटभर खाल्ला. डबा मात्र सोडला नाही.

तो मोठा झाला, कॅनरीत लागला. माशांचे डबे वाफेच्या भट्टीत घालायचे आणि काढायचे, हेच काम जन्मभर. लग्न झालं, फेरेती झाला, तरी डबा कपाटावर होताच. मग २००९ मध्ये समुद्र आत आला. घर गेलं, डबा गेला. शेजारच्या घरातली माणसं गेली. डब्याबद्दल आउकुसोने पुन्हा कधी ब्र काढला नाही. माणसं पुरणाऱ्या गावात कागदांसाठी कोण रडणार? दुकानात कार्डांचं पाकीट दिसलं तरी तो तोंड फिरवून पुढे जायचा. सुटली म्हणायची एकदाची, असं मी समजत होते.

फेरेती आडवातिडवा वाढला. त्याला हळू काही करताच यायचं नाही. दार लावलं की भिंत हलायची. लिहायला बसला की पेन असं दाबायचा की अक्षर मागच्या चार पानांवर उमटायचं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "लिहितोयस की तारोचे कंद लावायला खड्डे खणतोयस?" त्या जोराचा फुटबॉलला उपयोग झाला. शाळेतून अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या कॉलेजात गेला आणि तिथून थेट व्यावसायिक संघात. निवड झाली त्या दिवशी गावात चर्चची घंटा बडवली. मीही नाचले, खोटं कशाला बोलू.

पहिल्या मोसमात त्याचं रूकी कार्ड निघालं. खेळाडूचं पहिलंवहिलं कार्ड, संग्राहक लोक त्यालाच जपतात. त्या दिवशी त्याचा फोन आला होता, मी तिथेच होते. "आई, दिवसभर सह्या करतोय. हात मोडला. बॉल धरून कधी एवढा दुखला नव्हता." मग आउकुसोला म्हणाला, "बाबा, तू विकत घेऊ नकोस हां. येताना मी आणतो. स्वतःच्या पोराचं कार्ड कुणी विकत घेतं का?"

आउकुसोने घेतलं नाही. पोरगा आणणार होता.

पोरगा आला नाही. पहिल्या मोसमात डोक्याला मार, दुसऱ्यात पुन्हा मार, आणि मग संघाने त्याला सोडलं. तिथल्याच कॅसिडी नावाच्या मुलीशी त्याने लग्न केलं होतं. फोन कमी झाले. आले तरी धड नव्हते. एकदा त्याने आजीला फोन द्यायला सांगितलं. आमची आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्या शवपेटीला खांदा द्यायला तोच पुढे होता. सिनिवाने सांगितलं, "झोपलीय रे." दुसरं काय सांगणार? मग एका सकाळी सरळ, मोकळ्या रस्त्यावर त्याची गाडी खांबावर गेली. का गेली, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही खोदून विचारलं नाही.

बातमी आली त्याच दिवशी आउकुसोने पुतण्यांना घेऊन अंगणात खणायला घेतलं. बाजूंनी विटा लावल्या, सिमेंट केलं, फरशा आणून रचून ठेवल्या. मग विमान कुठलं आहे ते विचारायला कॅसिडीला फोन लावला. ती रडत रडत म्हणाली की सगळं कालच झालं, फार छान झालं, फेरेतीला आवडायचं त्या तळ्यात तिने त्याची राख सोडली.

कॅसिडी वाईट मुलगी नाही. तिने विचारलं नाही, कारण तिला विचारायचं सुचलं नाही. आणि आम्ही सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. 'पोराला घरी पाठव' असं कुणी सांगतं का? 'घास घेताना तोंड उघड' म्हणून कुणी सांगतं का? बेटावर जन्मलेला माणूस कुठेही मरो, त्याच्यावर फरशी तापणार ती स्वतःच्या अंगणातली. माणसाला आगीत घालतात हेच आमच्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना खरं वाटत नाही. आउकुसोने फोन ठेवला आणि हातावरचं सिमेंट धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

तुम्ही म्हणाल, मग त्याचा एखादा कपडा पुरायचा. तेच तर. कपडा आणायचा कुठून? तो कॉलेजात गेल्यावर त्याचे शर्ट चुलत भावांनी घातले, मग त्यांच्या धाकट्यांनी, मग त्यांची फडकी झाली. शाळेची जर्सी शाळेकडे परत गेली. ज्या चटईवर तो झोपायचा तिच्यावर सगळेच झोपायचे. त्याचं एकट्याचं म्हणावं असं घरात काही म्हणता काही नव्हतं. एरवी याच गोष्टीची आम्ही पाहुण्यांपुढे फुशारकी मारतो. फोटो होते, पण सिनिवा म्हणाली, "फोटो भिंतीला. मातीला अंग लागतं."

मी टपालघरात खिडकीवर बसते. एक दिवस आउकुसो कॅनरीच्या कपड्यांनिशी, माशांचा वास घेऊन थेट खिडकीशी आला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

"फुआतिनो, हे बघ."

"लांब धर जरा. चष्मा लावू दे. काय आहे?"

"फेरेतीचं कार्ड. रूकी. पण साधं नाही, यात कापड आहे."

"कापड?"

"जर्सीचा तुकडा. इथे चौकोन दिसतोय ना, निळा? आतमध्ये बसवलाय. हल्ली असं करतात. आमच्या वेळी नव्हतं."

"कुणाच्या जर्सीचा?"

"कुणाच्या म्हणजे? वर नाव कुणाचं आहे?" तो माझ्यावरच खेकसला. आमच्याकडे भाऊ बहिणीवर आवाज चढवत नाही. लगेच मान खाली घालून म्हणाला, "त्याच्या अंगावरचं कापड आहे, फुआतिनो. त्याच्या एकट्याचं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला पुढे पत्रं वाटायचं सुचेना.

भट्टीवरच्या एका पोराने त्याला जुनी कार्डं विकायचं एक संकेतस्थळ दाखवलं होतं. तिथे फेरेतीच्या नावाची कार्डं पडून होती. साधी कार्डं टपालाच्या तिकिटाहूनही स्वस्त. खेळाडू संघाबाहेर गेला की भाव पडतो, आणि मेला की चार दिवस चढून पुन्हा पडतो, असा त्या धंद्याचा नियम. कापड आणि सही असलेलं थोडं महाग होतं, पण आमच्या रविवारच्या जेवणाहून कमीच.

पण पाठवायला कुणी तयार नाही. पत्ता टाकला की उत्तर यायचं, आम्ही परदेशी पाठवत नाही. माझं टाळकंच फिरायचं. आमचं बेट अमेरिकेचंच. आमची पोरं सैन्यात घ्यायला देश एक, मैदानावर डोकी आपटून घ्यायला देश एक, आणि एक पाकीट पाठवायचं म्हटलं की आम्ही परदेश! अरे, तिकीट देशातल्या देशातलंच लागतं, जन्मभर खिडकीवर बसून हेच ओरडतेय मी. शेवटी ओहायोतल्या डेल्मर नावाच्या एका म्हाताऱ्याने उत्तर दिलं. त्याने विचारलं, तुमचं गाव नक्की कुठे आहे? आउकुसोने लिहिलं, समुद्रात. म्हाताऱ्याला ते आवडलं असावं, तो पाठवायला तयार झाला.

मी म्हटलं, "बाप आहेस म्हणून सांग त्याला. फुकट देईल."

"म्हणूनच नाही सांगत. पोराची भीक मागू?"

आणि मग माझा भाऊ घासाघीस करायला बसला. डेल्मरने आपणहून लिहिलं होतं की सही केलीय तिथे कार्ड दबलंय, तेवढी खोट आहे. आउकुसोने तिरप्या उजेडातला फोटो मागवला. तो मोठा करून मला दाखवला. "हे बघ, केवढा खळगा पडलाय! कडा चांगल्या आहेत, कोपरे चांगले आहेत, पण हे? याला नवं कार्ड नाही म्हणत. दोन डॉलर तरी कमी करायला हवेत." त्याचे डोळे चमकत होते. बिस्किटांच्या डब्याशेजारी बसून 'मध्ये बोट लावू नकोस' म्हणणारा माझा भाऊ मला कितीतरी वर्षांनी दिसला. मी म्हटलं, "कर की कमी. सोडतोस काय!" डेल्मरने दोन डॉलर कमी केले. आउकुसोने त्या दिवशी बसमधल्या सगळ्यांना नारळ पाजले.

कार्ड ओहायोतून निघालं. सिनिवाने आढ्यावरची चटई खाली काढली. बारीक विणीची, रेशमासारखी मऊ, ती विणायला तिला कितीतरी वर्षं लागली होती. फेरेतीच्या लग्नासाठी होती. लग्न तिकडेच झालं, चटई इथेच राहिली. आता त्याला पुरताना गुंडाळायला तीच. चटई उन्हात घालून सिनिवा पाद्र्यांकडे गेली.

पाद्रीबाबा कानकोंडे झाले. "सिनिवा, कार्डावर प्रार्थना कशी म्हणायची गं?"

"कार्डावर नका म्हणू. त्याच्या अंगावरच्या कापडावर म्हणा. घाम मुरलाय त्यात त्याचा. घाम म्हणजे अंगच की."

पाद्र्यांनी आपलं पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "शनिवारी करू." लगेच नातेवाइकांना निरोप गेले. डुकरं बांधली गेली, तारो उपटला गेला, फेरेतीचे चुलते दुसऱ्या बेटावरून बोटीने निघाले. अख्ख्या गावाला ठाऊक झालं की फेरेती येतोय.

होनोलुलूच्या विमानातून गुरुवारी पाकीट आलं. मीच आउकुसोला फोन केला. तो आला, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि माझ्या खिडकीच्या फळीवर पाकीट उघडलं. आत पुठ्ठा, पुठ्ठ्यात जाड प्लॅस्टिकचं घर, त्यात फेरेती. हसत होता. छातीच्या जागी निळ्या कापडाचा चौकोन, खाली काळ्या शाईतली सही.

आउकुसोने कार्ड उलटलं. लहानपणीची सवय ती. मागे उंची, वजन, जन्मगाव वाचायचं. गावाचं नाव बघून तो हसला. मग खालची बारीक ओळ वाचायला लागला, आणि त्याचे ओठ हलायचे थांबले.

"काय रे?"

त्याने कार्ड माझ्यापुढे धरलं. विकणाऱ्याने मागच्या बाजूचाही फोटो टाकला होता, पण त्यात ही ओळ मुंगीएवढी होती. आणि आउकुसोच्या वेळी मागे हमी, अटी असलं काही लिहीत नसत. लिहिलं होतं, अभिनंदन! या कार्डात अस्सल कापडाचा तुकडा आहे, याची आम्ही हमी देतो. आणि त्याखाली, हे कापड कुठल्याही ठरावीक खेळाडूशी, सामन्याशी, प्रसंगाशी वा मोसमाशी संबंधित नाही.

मी दोनदा वाचलं. कापड कुणाचंच नाही, पण कापड आहे याची हमी! गठ्ठ्यातून फाडलेल्या चिंधीला माझ्या भाच्याचं नाव लावून विकतात आणि वर अभिनंदन करतात. असली माणसं माझ्या खिडकीसमोर यायला हवी होती त्या दिवशी.

"मागे वाचतंय कोण?" मी म्हटलं. "सिनिवाला एवढं इंग्रजी कुठे येतंय? सांगू नकोस. शनिवारी सगळं गाव येणार. डुकरं बांधलीत. मातीला काय कळतंय आउकुसो, कुणाचा कपडा ते?"

"मातीला नाही कळत," तो म्हणाला. "मला कळतं."

खिडकी बंद करून मी त्याच्यासोबत घरी गेले. सिनिवा अंगणात चटईच्या झालरी सारख्या करत होती. आम्हाला बघून उठली, न सांगता हात धुऊन आली. आउकुसोने प्लॅस्टिकचं घर उघडून कार्ड तिच्या हातात दिलं. तिने त्यातल्या फेरेतीचं तोंड नीट बघितलं. मग कार्ड नाकाशी नेलं आणि त्या निळ्या चौकोनाचा वास घेतला. पुन्हा घेतला.

त्याचे घामेजलेले शर्ट याच बाईने धुतले होते, आणि मी निघाले होते तिला फसवायला.

"सिनिवा," आउकुसो म्हणाला, "ते त्याचं नाहीये."

"कळलं मला."

"मागे लिहिलंय. कुणाचंच नाहीये ते. मला आधी..."

"त्याची जर्सी तीनदा धुतली तरी वास सोडायची नाही," ती म्हणाली. "हे कुणी अंगात घातलेलंच नाही. डिंकाचा वास आहे याला."

ती कबरीच्या कडेवर बसली. आउकुसो तिच्यासमोर उभा, हात लोंबत सोडलेले. चुलीपाशी सरपण रचत असलेले पुतणे काही न विचारता मागच्या बाजूला निघून गेले. ती नुसती कार्डावरून अंगठा फिरवत बसली होती, मध्येच, जिथे आउकुसोने जन्मभर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं तिथे. आणि अंगठा एका जागी अडला.

"हे काय आहे?"

"सही."

"सही दिसतेय मला. हे खाली. बोटाला लागतंय."

"तो दाब आहे," आउकुसो म्हणाला. "खोट आहे कार्डातली. त्या माणसाने आधीच सांगितलं होतं."

"खोट?"

तिने कार्ड तिरपं धरलं. सहीच्या प्रत्येक वळणाखाली कार्ड खोल गेलं होतं. शेवटच्या अक्षराशी तर इतकं, की पेन आरपार जायचं राहिलं होतं. तिने त्या खळग्यातून नख सावकाश फिरवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जशी सही केली असेल तसं. मग माझ्याकडे बघितलं. मला शाळेतल्या त्या बाई आठवल्या आणि तारोचे खड्डे आठवले, आणि मी तोंडावर हात नेला.

"हा त्याचा हात आहे," सिनिवा म्हणाली.

आउकुसोने कार्ड मागितलं नाही. तिच्या मागून वाकून नुसता बघत राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना. मग तो आत गेला आणि सुरी घेऊन आला. तिच्या हातातून कार्ड घेतलं, आणि निळ्या चौकोनाच्या कडेने सुरी फिरवून ते कापड कार्डातून काढलं. कुणाच्या ओल्या बोटाचा डाग पडला तर दिवसभर न जेवणाऱ्या माणसाने कार्डाच्या छातीला भोक पाडलं. चिंधी चुलीत टाकली. प्लॅस्टिकचं घरही चुलीत टाकायला निघाला होता, मी हाताला धरून थांबवलं, त्याचा धूर वाईट.

शनिवारी पाद्रीबाबा आले तेव्हा सिनिवाने त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं. "पाद्रीबाबा, अंग नाही मिळालं. हात मिळालाय." पाद्र्यांना काय समजलं देव जाणे, पण त्यांनी मान हलवली आणि हातासाठी प्रार्थना म्हटली.

चटईच्या घड्यांमध्ये कार्ड ठेवलं. एवढी मोठी कबर, फेरेतीच्या मापाची, आणि आत घडी ती केवढी! आउकुसोने स्वतः आत उतरून ती खाली ठेवली. मग पुतण्यांनी माती लोटायला सुरुवात केली. माती लोटता लोटता संपेना. मध्ये थांबून ते पाणी प्यायले, पुन्हा लोटायला लागले. गाणारे गात राहिले, त्यांची गाणी संपली, ती त्यांनी परत म्हटली. धिप्पाड पोरगा आत असता तर अर्धी माती उरली असती, असं कुणीतरी मागे बोललं. मी वळून असं बघितलं की ते माणूस जेवायच्या पंगतीत दिसलं नाही.

संध्याकाळी वर फरशा बसल्या. मी दोन दिवस तिथेच राहिले. सोमवारी पहाटे पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला आणि मला जाग आली. आउकुसो अंथरुणात नव्हता. दारातून बघितलं तर तो अंगणात, बादली हातात, नव्या फरशीसमोर उभा. फरशीवरून पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जात होतं. उपसायला काही नव्हतं. मी डोक्यावर केळीचं पान धरून त्याच्याजवळ गेले.

"आत चल. भिजतोयस."

"त्याने हात दुखेपर्यंत सह्या केल्या," तो म्हणाला. "फोनवर सांगत होता. तू होतीस ना?"

"होते."

"मी त्याचे दोन डॉलर कमी करून घेतले, फुआतिनो. खोट म्हणून."

मी केळीचं पान त्याच्या डोक्यावर धरलं. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. आमच्याकडचा पाऊस थांबतो तसा तो थांबला, एकदमच, आणि डोंगरामागून ऊन आलं. फरशीतून वाफ निघायला लागली.

सिनिवा लुंगीला हात पुसत बाहेर आली. तिच्या काखेत पाहुण्यांच्या चादरींचं गाठोडं होतं. तिने पायाने फरशीवरचं पाणी सारलं, तळवा टेकवून फरशी किती तापलीय ते बघितलं, आणि आउकुसोपुढे हात केला.

"बादली दे इकडे," ती म्हणाली. "कपडे भिजवायचेत."